पिवळ्या रंगाचे ठोके

"जेवताना बोलायचं नाही, मुक्ताई. हूं नाही, चूं नाही, मान हलवणं नाही, हाताच्या खुणा तर मुळीच नाहीत. ताट उचललंस, हात धुतलेस की मग काय ती बडबड कर. आणि नेम धरलाय म्हणून चारचौघांत सांगत सुटू नकोस. देवाला कळलं की पुरे."

दुर्गामावशीचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. चातुर्मासाचा हा नेम तिनं मला खामगावच्या स्वयंपाकघरात दिला, तेव्हा मी शाळेत होते. पुढे मावशी गेली, मी नोकरीसाठी पुण्याला आले, कर्वेनगरात शेफालीबरोबर एका फ्लॅटमध्ये राहू लागले... नेम तेवढा बरोबर आला. शेफालीला मी काही सांगितलं नव्हतं, तिनंच ओळखलं. तिच्या मैत्रिणी जेवायला आल्या की ती आधीच जाहीर करायची, "ही मुकी नाहीये हं. ही चातुर्मासात आहे."

पण आयुष्यातलं सगळ्यात मोठं उत्तर मला याच नेमापायी घशात अडवून धरावं लागेल, हे मात्र मावशीनं सांगितलं नव्हतं.

श्रावणातला मंगळवार होता. येरवड्याच्या ऑफिसला जाण्याआधी मी कसब्यात गणपतीच्या दर्शनाला जायची. त्या दिवशी पिशवीत माझं पूजेचं ताम्हन होतं. मोरीत पडून त्याचा काठ दबला होता. बारीक पाऊस लागलेला, तांबटांच्या आळीत ठकठक, ठकठक चाललेली. जे पहिलं दुकान उघडं दिसलं त्यात मी शिरले.

पायांत घागर धरून एक वयस्कर गृहस्थ तिच्यावर हातोडीचे ठोके मारत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "पडलं की पाडलं?"

"पडलं..."

"भांडी आपणहून पडत नाहीत. बसा."

मी बसले. तेवढ्यात आतून कुणी तरी काकुळतीला येऊन बोलत असलेलं ऐकू आलं, "अगं, काळं म्हणजे काळं, पांढरं म्हणजे पांढरं. मधलं काही नको म्हणतोय ना मी! ऐक की जरा..."

डोकावून पाहिलं. एक तरुण, बाह्या दुमडलेला, समोर लॅपटॉप, आणि शेजारी कपाटाएवढं करडं यंत्र. त्या यंत्राशीच त्याचं बोलणं चाललं होतं. मला हसू आलं, आणि ते त्यानं पाहिलं.

"हसा," तो म्हणाला. "आमचे आप्पासाहेबही हसतात. फक्त ते आवाज न करता हसतात."

"मी हसतच नाही," बाहेरून आवाज आला. "रडायचं वय गेलं म्हणून गप्प आहे."

मी पडद्याकडे पाहिलं. टॅब्लेटवर लिहिलेलं गणिताचं एक पान होतं. सुंदर, गोल, बाईमाणसाचं अक्षर. निळ्या पेनानं गणित, लाल पेनानं उत्तर, आणि मध्ये मध्ये पिवळ्या रंगाचे जाड पट्टे. शेजारी त्याच पानाचं काळंपांढरं चित्र. त्यात अर्धी अक्षरं तुटलेली, मागच्या, गणिताच्या वहीसारख्या फिक्या चौकटींची मिरपूड सांडलेली, आणि...

"पिवळं गेलं," मी म्हटलं.

त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. "तेच तर! उजळ ठेवलं तर पिवळं पुसतं. गडद केलं तर पिवळ्याचा काळा डाग होतो आणि खालचं अक्षर गिळतो. आणि बाईंचा जीव त्या पिवळ्यात."

मग कळलं ते असं. प्रेमलाबाई याच पेठेतल्या शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्तीनंतर लॉकडाऊनमध्ये त्यांनी टॅब्लेटवर टिपणं लिहून मुलांना पाठवली. ती इतकी गाजली की शाळेच्या अमृतमहोत्सवाला माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं, बाईंची पानं तांब्याच्या पत्र्यावर कोरून शाळेच्या जिन्यात लावायची. मुलं जिथे हमखास चुकतात, तिथे बाई पिवळा पट्टा ओढायच्या. यंत्राच्या लेसरला मात्र दोनच गोष्टी कळत होत्या. काळं दिसलं की भाजायचं, पांढरं दिसलं की सोडायचं.

"तुम्ही पानाचा फोटो काढताय," मी हळूच म्हटलं, "आणि मग त्या फोटोला विचारताय, काळं की पांढरं. फोटोला काय माहीत? मुळात हे पान म्हणजे रेघांची मोळी असते. कुठली रेघ कुठल्या पेनाची, कुठल्या रंगाची, किती दाबून ओढलेली, सगळं आत वेगवेगळं बांधलेलं असतं. मोळी सोडायची आणि एकेका रेघेला विचारायचं."

"तुम्ही रेघांशी बोलता?"

"पगार घेते त्याचा. आमच्या ऑफिसात मी असल्याच फाइलींचे प्रोग्रॅम लिहिते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग उठून स्वतःची खुर्ची त्यानं माझ्यापुढे सरकवली. "मी दत्तप्रसाद. तुमचं नाव?"

"घरी मुक्ताई म्हणतात. ऑफिसात मुक्ता."

"आणि इथे?"

"इथे... गिऱ्हाईक."

बाहेर हातोडी एक ठोका चुकली. मग आप्पासाहेब म्हणाले, "गिऱ्हाईकबाई, ताम्हन झालं. आणि त्याच्या यंत्राला काही जमतंय का तेही बघा. खंडेनवमीला मी घरातली सगळी अवजारं पुजतो. पण ज्यानं अजून एक धड काम दिलेलं नाही, त्याला माझ्या हातचं हळदकुंकू नाही. तोवर जमलं तर जमलं, नाहीतर दसऱ्याला भोसरीचा माणूस येऊन यंत्र विकत घेऊन जाईल, आणि चिरंजीव चाकणच्या कारखान्यात शिफ्ट करतील. शब्द दिलाय त्यानं मला."

दत्तप्रसाद लॅपटॉपकडे वळला. पण यंत्रावर ठेवलेला त्याचा हात... एखाद्या मुक्या जनावराच्या पाठीवर ठेवावा, तसा होता तो.

"दर शनिवारी मला सुट्टी असते," मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

दोन आठवड्यांत माझा प्रोग्रॅम पानं वाचायला लागला. मागच्या चौकटी गळाल्या. जिथे बाईंचा हात हलका पडला होता तिथली रेघ मी किंचित जाड केली. दत्तप्रसादनं हौसेनं पहिला पत्रा यंत्रात ठेवला. निळा उजेड थरथरत फिरला, आणि पत्रा बाहेर आला तो संपूर्ण काळा. फक्त अक्षरं तेवढी कोरी, तांबूस, चमकत होती.

आप्पासाहेबांनी तो उजेडाकडे धरला. "छान. तवा झाला. धिरडी घाला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या प्रोग्रॅममध्ये शून्य म्हणजे काळं होतं, आणि त्यांच्या यंत्राला शून्य म्हणजे हात लावू नको. ऑफिसात असं काही झालं असतं तर मी सरळ सांगून मोकळी झाले असते. इथे मी नुसतीच पत्रा पुसत बसले.

"चला," दत्तप्रसाद म्हणाला, "काही तरी खाऊन येऊ. उपाशीपोटी टोमणे जास्त लागतात."

कोपऱ्यावरच्या हॉटेलात कांदा नसलेलं काय मिळेल, असं मी विचारलं. शिरा आला. पहिला घास तोंडात गेला, आणि माझा नेम सुरू झाला.

"आप्पांचं मनावर घेऊ नका," तो म्हणाला.

मी खात राहिले.

"म्हणजे ते सगळ्यांनाच बोलतात. मला तर रोज. परवा पोस्टमनला म्हणाले, पत्र आणलंत की उपकार?"

मी पुढचा घास घेतला. हसू दाबताना माझा चेहरा बहुतेक फारच गंभीर झाला असावा, कारण त्याचा उतरत चालला.

"रागावलात? ...शिरा गार आहे का? ...मी हसलो होतो का त्या वेळी? नाही ना? थोडा हसलो असेन. पण तव्याला हसलो, तुम्हाला नाही."

मग त्यानं घाबरून दुसरा शिरा मागवला. पानात आलेलं टाकायचं नाही हाही मावशीचाच दंडक. तोही संपवावा लागला. तोवर बिचारा पाण्याचा पेला फिरवत खिडकीबाहेर बघत बसला होता. हात धुऊन आले आणि म्हटलं, "शिरा छान होता हं."

तो दचकलाच. "तुम्ही... मग इतका वेळ?"

"जेवताना बोलत नाही मी."

"कधीच?"

"कार्तिकी एकादशीपर्यंत."

त्याच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं. "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?"

"चुकलं ना. दुसरा शिरा."

तो जो हसायला लागला, की गल्ल्यावरचा माणूससुद्धा वाकून पाहून गेला.

त्यानंतरचे शनिवार कसे गेले, सांगता येत नाही. काळ्यापांढऱ्याची उलटापालट मी सुधारली. पानं स्वच्छ निघू लागली. पण पिवळ्याचं काय? पट्टा जिथे आहे तिथे चौकट काढून पाहिली, आडव्या रेघा मारून पाहिल्या. बाईंच्या अक्षरावर ते सगळं उपरं दिसे. गणपती उठले, पितृपंधरवडा लागला. दत्तप्रसादची बोलणी कमी होत गेली. एकदा मी आले तर तो यंत्र फडक्यानं पुसत होता... अगदी हलक्या हातानं, कोपरा न कोपरा.

"तुम्हाला चाकण नको वाटतं?" मी विचारलं.

"चाकणला वाईट काही नाही हो. मला हातोडी जमत नाही एवढंच. लहानपणापासून बसवलं आप्पांनी, पण ठोका वाकडाच पडतो. वाटलं होतं, निदान अशा वाटेनं तरी तांब्याजवळ राहीन."

मी बाहेर येऊन आप्पासाहेबांजवळ बसले. ते घागर मठारत होते. ठोक्याशेजारी ठोका, ठोक्याशेजारी ठोका. तांबं तेच, रंग तोच. पण जिथे ठोके दाट, तिथे घागर सावळी दिसत होती, आणि जिथे विरळ, तिथे उजळ. मी बघत राहिले... आणि ताडकन उठले.

"दत्तप्रसाद!" मी ओरडले. मला ओरडता येतं हे मलाच त्या दिवशी कळलं.

पिवळा पट्टा काळाही करायचा नव्हता, पांढराही नाही. त्या जागी बारीक बारीक ठिपके पेरायचे होते. विरळ, म्हणजे अक्षर झाकलं जाणार नाही, आणि नजरेला तिथे फिकी सावली दिसेल. शेजारीच लॅपटॉप मांडीवर घेऊन मी लिहायला लागले. संध्याकाळी पहिला पत्रा निघाला. त्यावर, वजाबाकीच्या हातच्याभोवती, ठिपक्यांचा पट्टा उमटला होता.

दत्तप्रसादनं तो आप्पासाहेबांपुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं.

"ठोके कुणी मारले?"

"मुक्ताईंनी."

"ओळीत मारलेत." क्षणभर मला वाटलं ही शाबासकी. "फार ओळीत मारलेत. माणसाचा हात असा पडत नाही. बाईंचं अक्षर जिवंत आहे, त्याच्याशेजारी हे छापील वाटतं. हातोडी दर वेळी केसभर इकडे तिकडे सरकते, म्हणून भांड्याला तोंडवळा येतो."

ते उठून आत गेले. दत्तप्रसाद मटकन खाली बसला. "संपलं."

"संपलं कुठे?" मी म्हटलं. "उलट सांगितलं त्यांनी कसं करायचं ते. वाकडे ठोके हवेत त्यांना. तुमच्यासारखे."

आणि खरंच, दर ठिपक्याला मी केसभर इकडे तिकडे ढकलायला शिकवलं. किती ढकलायचं, ते दत्तप्रसादनं मला एका जुन्या पत्र्यावर स्वतः ठोके मारून दाखवलं. त्याचा वाकडा हात मी मोजला आणि प्रोग्रॅममध्ये घातला. त्या वेळी आमची डोकी एकाच पत्र्यावर इतकी जवळ आली होती की... असो. पाणी प्यायच्या निमित्तानं मी उठले.

नवरात्र लागलं. सातव्या माळेला दुपारी यंत्र एकामागून एक पत्रे काढत होतं. दुसऱ्या दिवशी प्रेमलाबाई येऊन बघणार होत्या. त्यांना पटलं तर पत्रे शाळेत जाणार, नाही पटलं तर पुन्हा करायला दिवसच नव्हते. आप्पासाहेबांनी मला हाक मारली. "गिऱ्हाईकबाई, उपास असेल ना? वरई केलीय, दाण्याची आमटी आहे. खाऊन घ्या. मी देवीला जाऊन येतो."

मी पानावर बसले. दत्तप्रसाद समोर येऊन बसला. मी पहिला घास घेईपर्यंत तो थांबला. मुद्दामच!

"आता तुम्हाला बोलता येणार नाही," तो म्हणाला. "मान हलवता येणार नाही. म्हणजे नाहीही म्हणता येणार नाही. मला एवढीच वेळ सोयीची आहे."

घास माझ्या तोंडातच राहिला.

"उद्या बाईंना पटलं नाही तर मी चाकणला जाईन. मग विचारायचं धाडस माझ्यात उरणार नाही, म्हणून आज विचारतो. तुम्ही शनिवारी येता तेव्हा मी शुक्रवारपासून बरा असतो. तुम्ही गेलात की बुधवारपर्यंत... आमटी घ्या ना. तुम्ही हळू बोलता, तरी मला दुकानातल्या ठकठकीत फक्त तुमचंच ऐकू येतं. आप्पा म्हणतात, हा मुलगा हल्ली पत्र्यात तोंड बघतो." त्यानं मोठा श्वास घेतला. "मुक्ताई, माझ्याशी लग्न कराल?"

मी वरईकडे बघत होते. शितं दिसेनाशी झाली, डोळ्यांत पाणी होतं. मान खाली, हात स्थिर. देवा, पान केवढं भरलं होतं! आयुष्यात इतकी घाई मला कधी झाली नव्हती, आणि इतकं सावकाश कधी जेवले नव्हते. एकेक घास, एकेक घास. तो आधी माझ्याकडे बघत होता. मग त्याला ते सोसेना. उठला आणि यंत्राकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे कान लालभडक झाले होते.

मी पान उचललं. मोरीवर हात धुतले. चूळ भरली. त्याच्या मागे जाऊन उभी राहिले.

"वरईला आमच्याकडे भगर म्हणतात," मी म्हटलं.

तो वळला, चेहरा पांढराफटक. "हे... उत्तर आहे?"

"नाही. हे कधीपासून सांगायचं राहिलं होतं. उत्तर हो आहे. बाईंना पटलं तरी, आणि तुम्ही चाकणला गेलात तरी."

यंत्र थांबलं होतं. पत्रा तयार झाल्याचा त्याचा बारीक आवाज कितीतरी वेळ वाजत राहिला, कुणीच गेलं नाही.

"पण," मी म्हटलं, "माझ्या हो म्हणण्यानं पुरं होत नाही. आमच्यात नात्याबाहेर आजवर कुणी सोयरीक केलेली नाही. बाबा फार बोलत नाहीत, पण समोरचा माणूस स्वतः आला की नाही, हे ते बघतात. फोन नको, मध्यस्थ नको. मीही आधी काही सांगणार नाही. तुम्ही खामगावला जायचं, बाबांच्या दुकानात त्यांच्यासमोर बसायचं आणि जे मला विचारलंत ते त्यांना विचारायचं."

"तेही जेवताना गप्प बसतात का?"

"ते एरवीही गप्पच बसतात."

"जाईन. वचन देतो. यंत्राला कुंकू लागलं तर ताठ मानेनं जाईन. नाही लागलं तर जरा खाली घालून. पण जाईन."

दुसऱ्या दिवशी प्रेमलाबाई काठी टेकत आल्या. मी ऑफिसातून अर्धी रजा काढली होती. बाईंनी पत्रा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "मोतीबिंदू पिकलाय," त्या पुटपुटल्या. "अक्षर कळतं माझं, पण माझं पिवळं काही..." आणि पत्रा खाली ठेवताना त्यांचं बोट त्या पट्ट्यावरून गेलं. तिथेच थांबलं. मागे आलं. पुन्हा पुढे गेलं. ठिपक्यांवरून, सावकाश.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "इथे चुकाल, हे हाताला कळतंय!"

पुढच्या पत्र्यावर त्यांनी डोळे मिटूनच बोट फिरवलं. "भागाकारातलं शून्य! इथे सगळे घसरतात. दत्त्या, तूसुद्धा घसरायचास." त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "लाव रे हे जिन्यात. मुलांच्या हाताशी लाव, उंच नको."

आप्पासाहेबांनी आपल्या जाड बोटानं तो पट्टा चाचपला. मग एकदा मुलाकडे पाहिलं. दत्तप्रसादनं मान खाली घातली, कारण त्या ठोक्यांतला वाकडा हात कुणाचा, हे त्यांच्या बोटानं ओळखलं होतं.

खंडेनवमीला हातोड्या, ऐरणी, कात्र्या, सगळं धुऊन पाटावर मांडलेलं होतं. यंत्र पाटावर मावणार नव्हतं. आप्पासाहेब स्वतः तबक घेऊन त्याच्यापाशी गेले. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. "धूळ बसू देऊ नकोस," एवढंच म्हणाले. मुलाला की यंत्राला, कळलं नाही.

दसऱ्याला पत्रे जिन्यात लागले. नंतरच्या आठवड्यात दत्तप्रसादचा एकही फोन आला नाही, आणि मीही केला नाही. बाबांना विचारेपर्यंत बोलायचं नाही, असं ठरलंच होतं. मंगळवार आला. दर्शन घेऊन मी देवळाच्या पायऱ्या उतरत होते, इतक्यात समोरच्या गल्लीतून तो बाहेर आला.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी, ओल्या केसांचा नीट भांग. त्यानं मला पाहिलं नाही. देवळाकडे तोंड करून त्यानं चपला काढल्या, डोळे मिटले, हात जोडले. ओठ पुटपुटत होते, बहुधा बाबांपुढे म्हणायचं पहिलं वाक्य. हाक माझ्या ओठांवर आली होती. मी ती तिथेच ठेवली आणि खांबाआड झाले.

एक रिक्षा थांबली. "कुठं?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"वाकडेवाडी. एसटी स्टँड," तो हलक्या आवाजात म्हणाला. "खामगावची गाडी धरायचीय."

पिशवी मांडीवर घेऊन तो आत बसला. शर्टाची कॉलर एकदा सारखी केली. रिक्षा वळली आणि गर्दीतून वाट काढत निघाली.